संगणक पुन्हा 'तसाच' कसा उभा राहतो?

दहावी-बारावीच्या परीक्षेचे अर्ज भरण्याचे दिवस आहेत अशी कल्पना करू. लातूर विभागीय मंडळाच्या कक्षेत लातूर, नांदेड आणि धाराशिव हे तीन जिल्हे येतात. त्यांपैकी एका तालुक्याच्या गावी, अर्जांची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना, शाळेच्या कार्यालयातला संगणक सुरूच होत नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ उमटते आणि सगळे तिथेच थांबते. तंत्रज्ञ येऊन पाहतो आणि सांगतो, "सर, हार्ड डिस्क गेली. नवी टाकतो, विंडोज भरून देतो, संध्याकाळी घेऊन जा."

संध्याकाळी संगणक परत येतो आणि चालतोही. पण तो 'आपला' संगणक नसतो. प्रिंटर त्याला ओळखत नाही. मुख्याध्यापकांच्या डिजिटल स्वाक्षरीची यूएसबी जोडली, तर ती चालवणारी आज्ञावली नाही. लिपिकांची बोटे ज्या मराठी कळफलकाला सरावली आहेत तो कळफलक नाही. फायली पेनड्राइव्हवर होत्या म्हणून वाचल्या. पण जुने दाखले उघडले, तर पडद्यावर देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. मंडळाकडे आधीच पाठवलेले अर्ज मंडळाच्या संगणकावर सुरक्षित असतात, तेथे काही बिघडलेले नसते. बिघडलेले असते ते या टेबलावर. ते पूर्ववत व्हायला आठवडा जातो, आणि मुदत तर दोन दिवसांची असते.

हा आठवडा टाळता येतो का? येतो. त्यासाठी संगणक धडधाकट असतानाच त्याचा संपूर्ण ठसा काढून ठेवावा लागतो. संगणकशास्त्रात त्याला 'सिस्टीम इमेज' म्हणतात. मराठीत 'प्रतिमा' म्हटले की विद्यार्थ्यांना आरशातली प्रतिमा आठवते, आणि येथे आरसा अगदीच चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे पुढे येईलच. तेव्हा या लेखापुरते आपण 'ठसा' म्हणू.

फायली वाचल्या, मजकूर गेला

संगणकात दोन तऱ्हेच्या गोष्टी असतात. एक, आपण तयार केलेल्या: गुणपत्रके, पत्रव्यवहार, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे. दुसऱ्या, हे सगळे वापरता यावे म्हणून वेळोवेळी बसवलेल्या: ऑपरेटिंग सिस्टीम, प्रिंटर चालवणाऱ्या आज्ञावल्या, फॉन्ट, परवाने आणि शेकडो बारीकसारीक जुळण्या. पहिल्या तऱ्हेच्या गोष्टींची प्रत ठेवण्याची सवय बऱ्याच शाळांत आता रुळली आहे. दुसरीचा विचार सहसा होत नाही, कारण 'ते काय, परत भरता येते' अशी समजूत असते. भरता येते हे खरे. पण ते एका दिवसात भरलेले नसते. पाच-सात वर्षांत गरज पडेल तसे, तीन वेगवेगळ्या तंत्रज्ञांनी भरलेले असते, आणि त्याची नोंद कुठेच नसते.

मराठी शाळांच्या बाबतीत ही अडचण अधिकच बोचते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपण मराठी टंकलेखन पुण्यातच तयार झालेल्या पॅकेजांवर करत होतो. मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी आणि सी-डॅकचे आयएसएम ही त्यांतली सर्वपरिचित नावे. त्या काळच्या फॉन्टांत देवनागरी अक्षरांना सर्वमान्य क्रमांक नव्हते. फॉन्ट तयार करणारा रोमन अक्षरांच्या जागांवर काना, वेलांटी, अर्धी अक्षरे असे देवनागरीचे तुकडे बसवत असे. म्हणजे फाइलमध्ये साठते ते रोमन जागांचे क्रमांक, आणि पडद्यावर त्याचे मराठी करतो तो फॉन्ट. फॉन्ट गेला की फाइलमधला एकही बाइट न बदलता मजकूर वाचेनासा होतो. माझ्या मते, नुसत्या फायली जपणे का पुरेसे नाही हे विद्यार्थ्यांना समजावून द्यायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. आणि ते आपल्याच कार्यालयाच्या कपाटात पडलेले असते.

सगळेच उचलून ठेवले तर?

येथे हुशार विद्यार्थी विचारील: मग 'सी' ड्राइव्हमधले सगळे निवडून दुसऱ्या डिस्कवर उतरवले तर काय बिघडले? करून पाहावे. काही फायली 'वापरात आहे' असे सांगून प्रत काढूच देणार नाहीत. उरलेल्या उतरल्या, तरी त्या नव्या डिस्कवरून संगणक सुरू होणार नाही.

कारण समजण्यासाठी डिस्ककडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. डिस्क म्हणजे क्रमांक घातलेल्या कप्प्यांची एक प्रचंड लांब रांग. प्रत्येक कप्प्यात पूर्वापार चालत आलेल्या मापाप्रमाणे ५१२ बाइट मावतात. २५६ जीबीच्या डिस्कवर असे सुमारे ५० कोटी कप्पे होतात. डिस्कला 'फाइल' ही गोष्ट ठाऊकच नसते. कोणत्या फाइलचे तुकडे कोणकोणत्या कप्प्यांत आहेत याची नोंदवही ऑपरेटिंग सिस्टीम त्याच डिस्कवर वेगळी ठेवते.

संगणक सुरू होतो तेव्हा ही नोंदवही वाचू शकेल असे काहीच जागे नसते. म्हणून सुरुवात ठरलेल्या जागी शोधावी लागते. जुन्या पद्धतीत ही जागा म्हणजे अगदी पहिला कप्पा. त्या ५१२ बाइटांत ४४६ बाइटांचा एक चिमुकला आरंभक आणि ६४ बाइटांचा तक्ता असतो. डिस्कचे भाग कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते या तक्त्यावरून कळते. हे ६४ बाइट पुसले गेले, तर उरलेले २५६ जीबी जागच्या जागी असूनही संगणकाच्या दृष्टीने डिस्क कोरी! नव्या संगणकांत हा तक्ता मोठा असतो आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. रचनाकारांना एका प्रतीचा भरवसा वाटला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. शिवाय आरंभकासाठी वेगळा छोटा भाग असतो, तो आपल्याला एरवी दिसतही नाही.

तर, 'सी' ड्राइव्हच्या फायली उतरवल्या म्हणजे ग्रंथालयातली पुस्तके नव्या इमारतीत आणून ओतली. नोंदवही, कपाटांचे क्रमांक आणि दाराची किल्ली जुन्या इमारतीतच राहिली.

ठसा काढणारी आज्ञावली फायलींच्या वाटेला जात नाही. ती कप्प्यांची रांग क्रमाने वाचते आणि 'या क्रमांकाच्या कप्प्यात हे होते' अशी नोंद एका मोठ्या फाइलमध्ये उतरवत जाते. आत पत्र आहे की फॉन्ट की आरंभक, याच्याशी तिला कर्तव्य नसते. न्यूझीलंडमध्ये मरे हझर्ड यांनी १९९५ मध्ये याच तत्त्वावर 'घोस्ट' ही आज्ञावली लिहिली. १९९८ मध्ये ती सिमँटेक कंपनीने विकत घेतली. आपल्याकडे संगणक जुळवून विकणाऱ्यांच्या बोलण्यात ती इतकी मुरली, की 'घोस्ट मारणे' असे क्रियापदच तयार झाले. आज हेच काम तैवानमध्ये विकसित झालेली 'क्लोनझिला' ही विनामूल्य आज्ञावली करते. विंडोजमध्येही अशी सोय आहे. मायक्रोसॉफ्टने तिचा पुढील विकास २०१७ मध्येच थांबवला, पण विंडोज १० आणि ११ च्या कंट्रोल पॅनेलमध्ये ती 'विंडोज ७' या जुन्या नावासकट अजून सापडते.

चालत्या गाडीचे छायाचित्र

ठसा काढायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात संगणक चालूच असेल, तर पहिले कप्पे दहा वाजताचे आणि शेवटचे साडेदहाचे होतील. नोंदवही जुनी आणि फायली नव्या अशी फारकत झाली, तर तो ठसा निरुपयोगी. मग करायचे काय?

आपल्यापैकी ज्यांनी २०११ च्या जनगणनेचे काम केले त्यांना या प्रश्नाचे उत्तर आधीच माहीत आहे. प्रगणक ९ फेब्रुवारीपासून २८ तारखेपर्यंत घरोघर फिरले, पण लोकसंख्या मोजली गेली ती १ मार्च २०११ च्या ०० वाजताची. मधल्या काळातील जन्म-मृत्यूंची दुरुस्ती पुढच्या पाच दिवसांत फेरी मारून केली. मोजणीला कितीही दिवस लागोत, संदर्भाचा क्षण एकच.

संगणकही असा एक संदर्भक्षण ठरवतो. त्या क्षणानंतर एखाद्या आज्ञावलीला कप्प्यातला मजकूर बदलायचा असेल, तर ऑपरेटिंग सिस्टीम आधी जुना मजकूर बाजूला काढून ठेवते आणि मगच बदल करू देते. ठसा घेणारी आज्ञावली त्या कप्प्यापाशी आली, की तिला बाजूला ठेवलेला जुना मजकूर दिला जातो. आपण काम करत राहतो, ठसा मात्र दहा वाजताचाच निघतो. हा खटाटोप नको असेल, तर सोपा मार्ग म्हणजे संगणक बंद करून पेनड्राइव्हवरच्या क्लोनझिलाने सुरू करणे. मग आतली डिस्क झोपलेली असते आणि काहीच हलत नाही. शाळेसाठी मला हाच मार्ग बरा वाटतो.

गणिताच्या तासाला

२५६ जीबीच्या डिस्कवर समजा ८० जीबी भरलेली आहे. रिकामे कप्पे नोंदवायचे कारण नाही. भरलेल्यांतली पुनरावृत्ती आकुंचित करून लिहिता येते. किती जागा वाचेल हे आत काय आहे त्यावर अवलंबून असते. छायाचित्रे आणि चित्रफिती आधीच आकुंचित असल्याने त्यांत फारसे वाचत नाही. ठसा ५० जीबीचा झाला असे धरू.

जुन्या यूएसबी जोडणीवर सेकंदाला सुमारे ३० एमबी जातात. ५०,००० भागिले ३०, म्हणजे २८ मिनिटे. नव्या, आतून निळ्या रंगाच्या जोडणीवर साधी हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबी घेते, असे धरले तर साडेआठ मिनिटांच्या आत काम झाले. आता हाच ठसा इंटरनेटवरून पाठवायचा म्हटले आणि शाळेच्या जोडणीचा वर चढवण्याचा वेग सेकंदाला ५ मेगाबिट असला, तर? आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला ०.६२५ एमबी. उत्तर येते ८०,००० सेकंद, २२ तासांहून अधिक. तेही मध्ये वीज न जाता.

याच्या शेजारी दुसरे गणित मांडावे. एक टीबीची भरलेली हार्ड डिस्क पिशवीत घालून कोणी नांदेडहून एसटीने लातूरला निघाला आणि चार तासांत पोहोचला. दहा लाख एमबी भागिले १४,४०० सेकंद: सेकंदाला ६९ एमबी, म्हणजे साडेपाचशे मेगाबिट! लाल डब्याने शाळेच्या इंटरनेटला शंभरपटीहून जास्त मागे टाकले. मुले हसतात, पण या हिशेबाची एक खरीखुरी कथा पुढे येणार आहे.

परत बसवताना

नवी, कोरी डिस्क संगणकात बसवली. ठशाची डिस्क बाहेरून जोडली. पण कोऱ्या डिस्कवरून संगणक सुरू होणार कसा? म्हणून तिसरी वस्तू लागते: संगणक सुरू करून देणारा पेनड्राइव्ह. ठसा आहे आणि हा पेनड्राइव्ह नाही, म्हणजे विहिरीला पाणी आहे पण दोर नाही. तो संगणक धड असतानाच तयार करावा आणि ठशाच्या डिस्कबरोबरच ठेवावा. सुरू होताना कोणती कळ दाबली की 'कशावरून सुरू करू' अशी यादी येते, ते प्रत्येक कंपनीचे निराळे असते. एफ१२, एफ९, एफ२, जी असेल ती कागदाच्या चिठ्ठीवर लिहून संगणकालाच चिकटवलेली बरी.

पुढचे काम यंत्राचे. ते आधी भागांचा तक्ता लिहिते, मग एकेक कप्पा. ते संपले की पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करायचा. सगळे जुळले, तर मागच्या वेळचा टेबलावरचा देखावा जसाच्या तसा समोर येतो: तेच चित्र, तीच चिन्हे, तोच कळफलक.

मात्र पुष्कळदा काही तरी जुळत नाही. विंडोजची सोय आणि क्लोनझिला या दोन्हींना नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते. जुन्या ५०० जीबीच्या जागी २५६ जीबीची वेगवान एसएसडी आणली, तर भरलेला भाग कितीही थोडा असो, साध्या मार्गाने काम होत नाही. संगणकाची सुरुवात करण्याची पद्धत जुनी आहे की नवी, हेही ठशाशी जुळावे लागते. पहिल्या कप्प्यातून सुरू होणाऱ्या जुन्या यंत्राचा ठसा नव्या यंत्रावर बसतो, पण सुरू होत नाही. डिस्कच नव्हे तर मदरबोर्डही बदलला असेल, तर विंडोज जागी होऊन आपली डिस्क कशी वाचायची हेच विसरलेली सापडते, निळा पडदा येतो, आणि परवानाही पुन्हा सिद्ध करावा लागतो. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची ४८ अंकी किल्ली कागदावर हवी. आणि एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली असेल, तर तारीख काही वर्षे मागे जाते आणि सरकारी संकेतस्थळे 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत. ठशाला दोष दिला जातो, चूक घड्याळाची असते.

सगळ्यांत घातक चूक मात्र माणसाची. क्लोनझिला डिस्कना 'एसडीए', 'एसडीबी' अशा नावांनी ओळखते. कुठून कुठे लिहायचे याची अदलाबदल झाली, तर कोरी डिस्क तशीच राहते आणि ठशाचीच डिस्क पुसली जाते. म्हणून 'वाय' दाबण्यापूर्वी डिस्कचा आकार आणि कंपनीचे नाव मोठ्याने वाचावे, शेजारी दुसऱ्या कोणीतरी ऐकत असावे. परत बसवताना मध्येच वीज गेली तर? नवी डिस्क अर्धवट राहील, पण ठसा केवळ वाचला जात असल्याने त्याला धक्का लागत नाही. वीज आल्यावर पहिल्यापासून सुरुवात करायची. ठसा घेताना वीज गेली, तर मात्र तो ठसा टाकून नवा घ्यावा.

काय परत येते आणि काय येत नाही? ठसा जूनमध्ये घेतला आणि डिस्क डिसेंबरमध्ये गेली, तर जे उभे राहते ते जूनचे यंत्र. मधल्या सहा महिन्यांची गुणपत्रके त्यात नसतात. म्हणून ठसा हा फायलींच्या रोजच्या प्रतीला पर्याय नव्हे. यंत्रणेचा ठसा वर्षातून दोनदा, फायलींची प्रत रोज किंवा निदान आठवड्याला, अशी जोडी लागते. जुनी डिस्क अजून थोडीफार वाचता येत असेल, तर ठसा बसवण्याआधी तिच्यावरच्या ताज्या फायली काढून घ्याव्यात, आणि तो तिच्यावरच नव्हे तर दुसऱ्या डिस्कवर बसवावा. संगणकाबाहेरच्या वस्तूही ठशात नसतात: डिजिटल स्वाक्षरीची यूएसबी किंवा जुन्या मराठी पॅकेजांना लागणारी डोंगल नावाची छोटी डबी हरवली, तर कोणताही ठसा ती परत आणत नाही. शिवाय ठशात त्या दिवशी विषाणू असेल, तर तोही इमानाने परत येतो.

आरसा आणि ठसा

ठसा ठेवायचा कुठे? त्याच संगणकाच्या 'डी' ड्राइव्हवर ठेवलेला ठसा पुष्कळ ठिकाणी सापडतो. 'सी' आणि 'डी' हे बहुधा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले. दुसरी डिस्क त्याच खोलीत असेल, तर वीज पडल्यावर किंवा चोरी झाल्यावर दोन्ही जातात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात घरांबरोबर घरातले सगळेच ढिगाऱ्याखाली गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातल्या गावांत रात्रीतून पाणी शिरले. आपल्या भागात 'दुसऱ्या इमारतीत एक प्रत' ही चैन म्हणता येणार नाही.

पण नुसते अंतरही पुरत नाही. २७ जून २०१७ या दिवशी 'नॉटपेट्या' नावाची विध्वंसक आज्ञावली युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून पसरली. डेन्मार्कच्या माएर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक तिने काही तासांत निकामी केले. आपल्याकडे न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात याच समूहाचे गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल आहे. त्याचेही कामकाज विस्कळीत झाले.

संगणक नव्याने उभे करायला कंपनीकडे अनेक प्रती होत्या. अडले ते एका ठिकाणी. कोणत्या कर्मचाऱ्याला कशाची परवानगी आहे याची मूळ नोंदवही 'डोमेन कंट्रोलर' नावाच्या यंत्रांवर असते. तशी सुमारे दीडशे यंत्रे जगभर होती आणि ती एकमेकांशी सतत मेळ घालत असत. रचनाकारांचा हिशेब असा होता, की एक गेले तरी बाकीची आहेतच. सगळीच एकदम जातील हे कोणी धरले नव्हते. दीडशे यंत्रे हजारो मैलांवर विखुरलेली, पण एकाच तारेने बांधलेली होती.

वाचले ते एकच, आफ्रिकेतल्या घानामधले. हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती, यंत्र जाळ्यातून तुटले होते, म्हणून विषाणू तेथवर पोहोचलाच नाही. भारनियमनाला शिव्या घालणाऱ्या आपणा मराठवाड्याच्या लोकांना या गोष्टीची गंमत वाटल्याखेरीज राहत नाही. त्या यंत्रावरचा मजकूर इंग्लंडला पाठवायचा, तर घानाच्या इंटरनेटवरून कित्येक दिवस लागले असते. म्हणून डिस्क विमानाने न्यायचे ठरले. घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. त्यांच्यापैकी एकाने नायजेरियापर्यंत जाऊन ती विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली, आणि त्याने ती पुढे लंडनला नेली. आपले लाल डब्याचे गणित हेच! पुढे जानेवारी २०१८ मध्ये कंपनीचे अध्यक्ष यिम हागेमान स्नाबे यांनी दावोस येथे सांगितले, की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे केले. नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरच्या घरात गेले.

त्या दीडशे यंत्रांची रचना म्हणजे आरसा. चेहऱ्याला काजळ लागले की त्याच क्षणी आरशातही लागते. एक फाइल आपोआप ऑनलाइन साठ्यात जुळत राहण्याची सोय आपण मोबाइलवर आणि संगणकावर वापरतो, तीही बरीचशी आरसाच: इकडे फाइल पुसली की तिकडेही पुसली जाते, फार तर काही दिवस कचरापेटीत राहते. ठशात मात्र त्या दिवसाचा चेहरा टिकतो, पण तो मूळ यंत्रापासून सुटा ठेवला तरच. बाहेरची डिस्क बारा महिने संगणकाला जोडून ठेवणारी कार्यालये पाहिली, की ठशाचा आरसा करण्याची हौस वाटते. काम झाले की डिस्क सोडवावी, तारखेची चिठ्ठी लावावी आणि दुसऱ्या इमारतीतल्या कपाटात ठेवावी. शक्यतो साधी हार्ड डिस्क घ्यावी. पेनड्राइव्ह आणि एसएसडी यांत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. वीज न मिळता दीर्घकाळ पडून राहिल्यास तो भार हळूहळू ओसरतो, आणि उष्णतेने लवकर ओसरतो. मे महिन्यातली आपल्याकडची पत्र्याची खोली त्या कामाला अगदीच अयोग्य.

उगवणशक्ती

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनचे बियाणे न उगवल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या, की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. पिशव्या सीलबंद होत्या, लेबले होती, उगवण नव्हती. म्हणून कृषी खाते पेरणीपूर्वी घरच्या घरी चाचणी करायला सांगते: शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, सहा-सात दिवसांनी मोजायचे, सत्तर किंवा अधिक उगवले तर बियाणे पेरणीयोग्य.

ठशाची फाइल ५० जीबीची आहे, तारीख बरोबर आहे, एवढ्यावरून ती उगवेल हे कळत नाही. पहिली चाचणी आकडेमोडीची आहे. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकला तर लगेच कळते. तसाच, पण खूप लांबलचक तपासणी-अंक संपूर्ण ठशावरून काढता येतो. पन्नास जीबीतला एक बिट बदलला तरी तो साफ वेगळा येतो. क्लोनझिला ठसा घेतल्यावर 'तपासून पाहू का' असे विचारते. तेव्हा कंटाळून नाही म्हणू नये. पण या चाचणीने दाणा फुटलेला नाही एवढेच समजते. उगवणशक्ती कळते ती ठसा प्रत्यक्ष बसवल्यावर.

बहुतेक शाळांत एखादा टाकाऊ संगणक धूळ खात असतो. नववीच्या पाच-सहा विद्यार्थ्यांना घेऊन तो साफ करावा, आत काही कामाचे नाही याची खात्री करावी, आणि त्यात एखादी विनामूल्य लिनक्स भरावी. मुलांनी तिचा पडदा बदलावा, मराठी कळफलक बसवावा, स्वतःच्या नावाची एक फाइल लिहावी. मग बाहेरच्या डिस्कवर ठसा घ्यावा आणि लागलेला वेळ फळ्यावर लिहावा. त्यानंतर आणखी एक फाइल लिहून, मुलांच्याच हातून आतली डिस्क पुसावी. पुसताना बाहेरची डिस्क काढून ठेवलेली असावी आणि ती कोणी काढली याची विचारणा व्हावी. आता पेनड्राइव्हने सुरू करून ठसा परत बसवायला सांगावे, आणि आधी अंदाज विचारावा: दोन फायलींपैकी कोणती दिसेल? बसवायला लागलेला वेळ घ्यायला लागलेल्या वेळेपेक्षा कमी की जास्त? का? या शेवटच्या प्रश्नाला मुलांकडून निदान तीन वेगवेगळी उत्तरे येतात, आणि घड्याळ लावून ती तपासता येतात.

हे जमले, की कार्यालयातल्या संगणकाची पाळी. त्याची चालू डिस्क काढून बाजूला ठेवावी, तिच्या जागी तेवढीच दुसरी बसवून तिच्यावर ठसा उतरवावा, आणि लिपिकांना एक जुना दाखला उघडून छापायला सांगावा.